वर्गात बोलते कोण? – कृतिशील अध्ययन आणि तंत्रसाधने

शिक्षणाचे महत्त्व या स्मरणिकेच्या वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. घरातील मुलगा वा मुलगी महाविद्यालयात गेली, म्हणजे अर्धी लढाई जिंकली अशी आपली भावना असते, आणि ती रास्तच आहे. परंतु प्रवेश मिळाला, फी भरली, बाकावर जागा मिळाली, एवढ्याने शिक्षण मिळते काय? वर्गाच्या त्या पाऊण तासात आपला विद्यार्थी नेमके काय करीत असतो? बहुतेक ठिकाणी याचे उत्तर एकच मिळेल. तो ऐकतो, आणि जमेल तेवढे वहीत उतरवून घेतो. बोलतात ते प्राध्यापक. प्रश्न विचारला गेलाच, तर पहिल्या दोन बाकांवरील तीन-चार हात वर होतात. उरलेला वर्ग गप्प असतो.

या गप्प वर्गाला बोलते कसे करावे, याचा पद्धतशीर विचार गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जगातील अनेक विद्यापीठांत झाला. त्यासाठी नवनवी साधनेही वापरली गेली. त्या प्रयोगांतून काय निष्पन्न झाले, आणि आपल्या विद्यार्थ्यांना त्याचा काय उपयोग आहे, याचा थोडक्यात परामर्श घेण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

ऐकणे म्हणजे शिकणे नव्हे

ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांचा 'पेडॅगॉजी ऑफ दि ऑप्रेस्ड' हा ग्रंथ इंग्रजीत १९७० साली आला. रूढ शिक्षणाला त्यांनी बँकेची उपमा दिली आहे. शिक्षक रक्कम भरणार आणि विद्यार्थी म्हणजे ती साठविणारे रिकामे खाते, असा हा व्यवहार आहे. आम्ही पोटापाण्यासाठी बँकेतच खाती सांभाळणारे असल्यामुळे ही उपमा आम्हास विशेष भिडली. खात्यात भरलेली रक्कम जशीच्या तशी राहते. डोक्यात भरलेली माहिती मात्र परीक्षेच्या दिवशी एकदाच काढली जाते आणि दुसऱ्या दिवशी खाते पुन्हा शून्यावर येते. याचे कारण असे की, ज्ञान हे दुसऱ्याकडून जसेच्या तसे घेता येत नाही. आपल्या आधीच्या समजुतींशी ते ताडून पाहावे लागते, चुकीची समजूत मोडावी लागते आणि नवी जुळवावी लागते. हे काम विद्यार्थ्याने स्वतःच करावयाचे असते. ज्या अध्यापनात विद्यार्थ्याला हे काम वर्गातच करावे लागते, त्यास कृतिशील अध्ययन असे म्हणतात.

हार्वर्डमधील एक प्रसंग

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात प्रा. एरिक मॅझूर हे १९८४ पासून भौतिकशास्त्र शिकवितात. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत असत आणि परीक्षेचे निकालही चांगले लागत. १९९० च्या सुमारास त्यांच्या वाचनात एक संशोधन आले. वर्षभर शिकूनही विद्यार्थ्यांच्या मनातील बल आणि गती यांविषयीच्या चुकीच्या कल्पना तशाच राहतात, असे त्यात म्हटले होते. आपल्या विद्यार्थ्यांबाबत असे असणे शक्य नाही, असे वाटून त्यांनी तशा साध्या प्रश्नांची चाचणी वर्गात दिली. तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले की, उत्तरे तुम्ही शिकविले तसे लिहू, की मला स्वतःला वाटते तसे?

वाचकहो, या प्रश्नातच सगळे आले. परीक्षेसाठी एक उत्तर आणि मनाशी दुसरेच उत्तर, असे दोन हिशेब तिने अगदी प्रामाणिकपणे वेगळे ठेवले होते. चाचणीचा निकालही निराशाजनक लागला. किचकट गणिते सूत्रात आकडे घालून सोडविणारी मुले साध्या प्रश्नावर अडखळली.

असा एक प्रश्न पाहू. भरलेला ट्रक आणि लहान मोटार यांची समोरासमोर टक्कर झाली. कोणी कोणावर अधिक बल लावले? बहुतेक जण ट्रक असे उत्तर देतील. न्यूटनचा तिसरा नियम मात्र सांगतो की, दोन्ही बले समान असतात. मोटारीचे नुकसान अधिक होते ते तिचे वस्तुमान कमी असल्यामुळे. हा नियम तोंडपाठ असलेला विद्यार्थीसुद्धा ट्रक असेच उत्तर देतो. पाठ असणे आणि समजणे यांतील अंतर ते हेच होय.

पद्धत कशी चालते?

१९९१ पासून प्रा. मॅझूर यांनी आपली पद्धत बदलली. 'पीअर इन्स्ट्रक्शन' या नावाने ती ओळखली जाते. मराठीत आपण तिला सहाध्यायी-अध्यापन म्हणू. तिचा क्रम असा आहे :

१) प्राध्यापक एखादा मुद्दा आठ-दहा मिनिटांत समजावून सांगतात.

२) त्यावर एक प्रश्न व तीन-चार पर्याय देतात. प्रश्न गणिताचा नसून समजुतीचा असतो.

३) एक-दोन मिनिटे प्रत्येकाने कोणाशीही न बोलता विचार करावयाचा आणि आपले उत्तर नोंदवावयाचे.

४) बरोबर उत्तरे साधारण ३० ते ७० टक्के असतील, तर उत्तर जाहीर न करता विद्यार्थ्यांनी शेजाऱ्याशी चर्चा करावयाची. वेगळे उत्तर देणारा शेजारी शोधून त्याला आपले म्हणणे पटवून द्यावयाचे. बरोबर उत्तरे ३० टक्क्यांहून कमी असतील, तर मुद्दा पुन्हा शिकवावयाचा. ७० टक्क्यांहून अधिक असतील, तर थोडक्यात उलगडा करून पुढे जावयाचे.

५) चर्चेनंतर सर्वांनी पुन्हा उत्तर नोंदवावयाचे आणि मग प्राध्यापकांनी खुलासा करावयाचा.

यातील मर्म असे की, उत्तर नोंदविताच विद्यार्थी त्या प्रश्नात गुंततो. आपले खरे की शेजाऱ्याचे, हे जाणून घेण्याची त्याला ओढ लागते. शिवाय, ज्याला मुद्दा नुकताच उमगला आहे, त्याला अडचण नेमकी कोठे येते हे ताजे आठवत असते. तीस वर्षे शिकविणाऱ्या प्राध्यापकांना ती अडचण कदाचित आठवतही नसेल.

चर्चेत हुशार मुलाचे उत्तर इतर जण फक्त उचलतात, अशी शंका कोणी घेईल. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात जनुकशास्त्राच्या वर्गावर ही शंका तपासून पाहण्यात आली आणि ते संशोधन २००९ साली प्रसिद्ध झाले. चर्चेनंतर त्याच कल्पनेवर आधारलेला दुसरा प्रश्न एकट्याने सोडवावयास दिला असता अधिक विद्यार्थी बरोबर ठरले. ज्या गटात सुरुवातीस कोणालाच बरोबर उत्तर येत नव्हते, अशा गटांतील विद्यार्थ्यांतही सुधारणा दिसून आली. बोलता बोलता ते स्वतःच उत्तराशी पोहोचले होते.

साधने : पुठ्ठ्यापासून मोबाईलपर्यंत

आता साधनांकडे वळू. दोनशे विद्यार्थ्यांची उत्तरे दोन मिनिटांत कशी कळणार? हात वर करण्याची पद्धत सर्वांत सोपी आहे. परंतु त्यात भिडस्त विद्यार्थी आधी इकडे-तिकडे पाहतो आणि बहुसंख्यांच्या बाजूने हात वर करतो. म्हणून अ, ब, क, ड लिहिलेली कार्डे छातीशी धरून दाखविण्याची युक्ती निघाली. पुढे क्लिकर आले. क्लिकर म्हणजे टीव्हीच्या रिमोटसारखे बटणांचे छोटे यंत्र. विद्यार्थी बटण दाबतो आणि किती जणांनी कोणते उत्तर दिले याचा आलेख क्षणात पडद्यावर दिसतो. कोणी काय दाबले, हे शेजाऱ्याला कळत नाही. आज हेच काम मोबाईलवरही होते.

ज्या वर्गात प्रत्येकाकडे मोबाईल वा इंटरनेट नाही, तेथे 'प्लिकर्स' हे साधन उपयोगी पडते. यात प्रत्येक विद्यार्थ्याला एक चौकोनी छापील नक्षीचा कागद मिळतो. कागदाची कोणती बाजू वर धरली यावरून त्याचे उत्तर ठरते. शिक्षकांनी आपला मोबाईल वर्गावरून फिरविला, की सर्वांची उत्तरे टिपली जातात. प्रत्येकाची नक्षी वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचे पाहून उत्तर देता येत नाही. साऱ्या वर्गात मोबाईल लागतो तो एकच.

दुसऱ्या प्रकारचे साधन म्हणजे संगणकावरील प्रयोगशाळा. भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक २००१ साली मिळालेल्या तिघांपैकी एक, प्रा. कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. त्यात विजेचे मंडल जोडून पाहणे, लंबक हलविणे, अणू रचणे असे प्रयोग पडद्यावर करता येतात. तो सर्वांना विनामूल्य उपलब्ध असून त्यातील कित्येक प्रयोग मराठीतही आहेत. प्रयोगशाळेत ज्याच्या वाट्याला उपकरण येत नाही, त्यालाही येथे स्वतः हाताळून पाहता येते.

मात्र एक गोष्ट आवर्जून नमूद करावीशी वाटते. कॅनडातील मॉन्ट्रियलच्या जॉन अॅबट महाविद्यालयात एका वर्गाला क्लिकर आणि दुसऱ्याला साधी कार्डे देऊन सहाध्यायी-अध्यापन केले गेले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्ही वर्गांच्या आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही. क्लिकरमुळे शिक्षकांची सोय झाली, मोजदाद अचूक झाली. परंतु शिकविले ते प्रश्नाने आणि चर्चेने. ज्या महाविद्यालयांत यंत्रसामग्रीची चणचण आहे, त्यांनी ही गोष्ट मनावर कोरून ठेवावी असे आम्हास वाटते.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेतील प्रा. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ अभ्यासवर्गांतील ६,५४२ विद्यार्थ्यांची भौतिकशास्त्राची चाचणी अभ्यासली. सुरुवातीस जेवढे येत नव्हते, त्यापैकी किती भाग विद्यार्थी शिकला, हे त्यांनी मोजले. केवळ व्याख्यानाच्या वर्गांत हे प्रमाण सरासरी ०.२३ होते आणि कृतिशील वर्गांत ०.४८. सोप्या हिशेबाने सांगावयाचे, तर ज्याला १०० पैकी ४० गुण आधीच मिळत होते, त्याच्या उरलेल्या ६० गुणांपैकी व्याख्यानाने सुमारे १४ गुणांची भर पडली आणि कृतिशील पद्धतीने सुमारे २९ गुणांची.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील प्रयोग तर अधिकच बोलका आहे. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. एका मोठ्या वर्गाला अनुभवी व विद्यार्थीप्रिय प्राध्यापकांनी आठवडाभर व्याख्याने दिली. दुसऱ्या तेवढ्याच वर्गाला अध्यापनाचा फारसा अनुभव नसलेल्या संशोधकांनी प्रश्न, क्लिकर व गटचर्चा यांद्वारे शिकविले. नंतरच्या चाचणीत पहिल्या वर्गाची सरासरी ४१ टक्के आली आणि दुसऱ्याची ७४ टक्के.

२०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. केवळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण ३३.८ टक्के आढळले, तर कृतिशील वर्गांत २१.८ टक्के. म्हणजे दर शंभरात बारा विद्यार्थी नापासाच्या शिक्क्यातून वाचले. ज्या घरात एका नापासाने शिक्षणच थांबते, त्या घराला हे बारा म्हणजे काय, हे आम्ही वेगळे सांगावयास नको.

आपल्याकडचेही उदाहरण आहे. मुंबईच्या आयआयटीमध्ये संगणक प्रोग्रामिंगच्या प्रथम वर्षाच्या मोठ्या वर्गात अशीच एक पद्धत वापरली गेली. आधी एकट्याने विचार, मग जोडीने काम, मग साऱ्या वर्गात चर्चा, असा तिचा क्रम. दहा आठवडे आणि तेरा उपक्रम यांचे निरीक्षण करून २०१३ साली जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यात सरासरी ८३ टक्के विद्यार्थी पूर्णतः वा बहुतांशी कामात गुंतलेले आढळल्याचे म्हटले आहे.

मागच्या बाकाचा प्रश्न

आता या लेखाचा गाभा. २०२० साली अमेरिकेत आणखी एक आढावा प्रसिद्ध झाला. तेथील वंचित वांशिक गटांतील व अल्प उत्पन्न घरांतील विद्यार्थी आणि इतर विद्यार्थी यांच्यातील दरी त्यात अभ्यासली होती. कृतिशील वर्गांत परीक्षेच्या गुणांतील ही दरी सरासरी ३३ टक्क्यांनी आणि उत्तीर्ण होण्याच्या प्रमाणातील दरी ४५ टक्क्यांनी कमी झाली होती. अर्थात, ज्या वर्गांत बराचसा वेळ कृतीला दिला गेला, तेथेच हा परिणाम दिसला. तासाच्या शेवटी नावापुरता एखादा प्रश्न विचारून तो दिसला नाही.

आकडे अमेरिकेचे असले, तरी त्यामागची परिस्थिती आपल्या ओळखीची आहे. ज्याच्या घरी विचारावयास कोणी शिकलेले नाही, शिकवणीला पैसे नाहीत, ज्याला घरी गेल्यावर काम करावे लागते, त्याच्याकडे शिकण्यासाठी वर्गातला तेवढाच तास असतो. तो तास केवळ उतरवून घेण्यात गेला, तर समजून घेण्याचे काम घरी करावे लागते, आणि घरी त्याला मदत नसते. ज्याच्या घरी मदत आहे, त्याला वाईट तासही चालून जातो. म्हणून समजून घेण्याचे काम वर्गातच उरकले, तर अधिक लाभ होतो तो मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला.

भाषेचाही मुद्दा आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलगी इंग्रजीतून चालणाऱ्या वर्गात तोंड उघडण्यास कचरते. तिला उत्तर माहीत असते, पण वाक्य जुळत नाही. शेजारणीशी बोलताना तिला ही अडचण नसते. ती मराठीत विचार मांडते, मराठीत भांडते, आणि कार्ड वर करते. कार्डाला उच्चार नसतो, आडनाव नसते. पहिल्या बाकावरच्या उत्तराइतकेच तिचेही उत्तर मोजले जाते.

सावधगिरीचे चार शब्द

पहिली गोष्ट अशी की, यंत्र आणले म्हणजे अध्ययन कृतिशील झाले असे नाही. व्याख्यान फळ्याऐवजी प्रोजेक्टरवर दाखविले, तरी विद्यार्थी बघ्याच राहतो. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी मोबाईलवर तास झाले. ज्या तासात विद्यार्थ्याने काहीच करावयाचे नव्हते, तो पडद्यावर आला म्हणून बदलला नाही.

दुसरी गोष्ट, साधनाचा उपयोग पहाऱ्यासाठी करू नये. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात २०१४ साली हजेरीसाठी क्लिकर वापरले गेले, तेव्हा गैरहजर विद्यार्थ्यांची क्लिकरे मित्रांनी दाबली आणि साठाहून अधिक विद्यार्थ्यांवर कारवाईची वेळ आली. विषयाच्या नावात नीतिशास्त्र होते, हे विशेष! जेथे चुकीच्या उत्तराचे गुण कापले जातात, तेथे विद्यार्थी विचार करण्याऐवजी बरोबर उत्तर चोरण्याच्या मागे लागतो.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. हार्वर्डमध्येच २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृतिशील वर्गातील विद्यार्थी प्रत्यक्षात अधिक शिकले, परंतु आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. ओघवते व्याख्यान ऐकताना सारे समजल्यासारखे वाटते. स्वतः झगडताना मात्र आपले अज्ञान जाणवते. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, डोके शिणले की आपण मागे पडलो असे समजू नका. शिकणे चालू असल्याची ती खूण असते.

आपण काय करू शकतो?

महाविद्यालयाची पद्धत बदलणे आपल्या हाती नाही. परंतु वस्तीतील अभ्यासिका, सुट्टीतील मार्गदर्शन वर्ग, मित्रमंडळींचा अभ्यासगट, हे तर आपलेच आहेत. चार रंगांच्या पुठ्ठ्यांची कार्डे करावयास जुनी खोकी पुरतात. प्रश्न मात्र विचारपूर्वक निवडावा लागतो. चुकीचे पर्याय उगीच दिलेले नसावेत. मुले खरोखर ज्या चुका करतात, त्याच पर्यायांत याव्यात. नमुन्यादाखल दोन प्रश्न देतो.

पहिला : दुकानदाराने १,००० रुपयांच्या साडीची किंमत १० टक्क्यांनी वाढविली आणि मग वाढलेल्या किमतीवर १० टक्के सूट दिली. आता किंमत किती? मूळ इतकीच, मूळपेक्षा जास्त, की मूळपेक्षा कमी? पुष्कळ जण मूळ इतकीच असे म्हणतील. चर्चा होऊ द्या. वाढून १,१०० रुपये झाले, त्याचे १० टक्के ११०, म्हणजे उरले ९९० रुपये. टक्केवारी कशाची काढली, हे पाहावे लागते, ही गोष्ट मग कोणी विसरत नाही.

दुसरा अर्थशास्त्राचा : महागाईचा दर ८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या, आहेत तेवढ्याच राहिल्या, की महागच होत आहेत? उत्तर तिसरे. किमती अजून वाढतच आहेत, फक्त वाढीचा वेग मंदावला आहे. वर्तमानपत्र रोज वाचणारी मंडळीही येथे फसतात.

अशा तऱ्हेने एका बैठकीत चार-पाच प्रश्न पुरेत. चालविणाऱ्याने तीन पथ्ये पाळावीत. पहिले उत्तर एकट्याने द्यावयास लावावे, चर्चेपूर्वी बरोबर उत्तर सांगू नये, आणि चुकणाऱ्याला कधीही हसू नये. ज्याने चुकीचे कार्ड वर केले, त्याला असे का वाटले हे आदराने विचारावे. निम्मा वर्ग तसाच विचार करीत असतो आणि त्याच्यामुळे सर्वांची अडचण उजेडात येते.

आपल्यापैकी जे प्राध्यापक वा शिक्षक आहेत, त्यांना एवढीच विनंती की, संपूर्ण अभ्यासक्रम बदलण्याची वाट न पाहता येत्या सत्रात प्रत्येक तासाला एक प्रश्न, एवढ्यापासून प्रारंभ करावा. पालकांनीही मुलाला आज काय शिकविले असे विचारण्याऐवजी आज तू वर्गात काय विचारलेस, काय सांगितलेस, असे विचारून पाहावे.

साधने येतील आणि जुनी होतील. आज क्लिकर आहे, उद्या आणखी काही येईल. ते साधन घेताना एकच कसोटी लावावी. त्यामुळे आजवर गप्प बसलेला विद्यार्थी विचार करून बोलू लागला काय? लागला असेल, तर पुठ्ठ्याचे कार्डही मोलाचे आहे. नसेल, तर लाखाचा पडदा भिंतीवर टांगून काय उपयोग?